फळ न कापता आतला मार ओळखायचा कसा: छोट्या पॅकहाऊससाठी

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात भाव पडला म्हणून आम्ही हापूसच्या ४० पेट्या आठवडाभर कोल्ड स्टोअरमध्ये थांबवल्या. बाहेर काढल्या तेव्हा फळ हिरवं, कडक, देठ ताजा. दोन-चार फळं हातात घेऊन पाहिली, समाधान झालं आणि माल रवाना केला. तिसऱ्या दिवशी फोन. फळ नीट पिकत नाही, साल राखाडी पडलीय, तिच्यावर बारीक खड्डे आलेत, आणि कापलं तर रंग फिका, चवही नाही.

म्हणजे मार आठवडाभर आधीच बसला होता. फळ बाहेरच्या उबेत आल्यावर तो दिसायला लागला. आम्ही माल तपासला नव्हता असं नाही, पण तपासला एकदाच आणि फक्त डोळ्यांनी. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे: एकदा घेतलेल्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, त्याच फळाचा दुसऱ्या वेळी घेतलेला आकडा त्याच्याशेजारी ठेवला की खरं कळतं. आणि फळ कापलं तर दुसरा आकडा मिळायचाच नाही. न कापता तपासण्याचा खरा फायदा हा आहे, दोन फळांची बचत हा नव्हे.

खाली जे लिहितोय ते एखादी शेतकरी कंपनी, छोटं पॅकहाऊस (माल निवडून पेट्या भरायची जागा) किंवा थेट ग्राहकाला पेटी पाठवणारा बागायतदार यांना जमण्यासारखं आहे. महागड्या यंत्रांबद्दलही सांगेन, पण तेवढ्यापुरतंच.

मार कसला आहे, ते आधी

एकच यंत्र सगळे मार पकडत नाही. म्हणून आधी आपल्या मालाला कशाची भीती आहे ते ठरवायचं.

थंडीचा मार हा उष्ण प्रदेशातल्या फळ-भाज्यांचा आजार. पेशींच्या पातळ पडद्यांमधली स्निग्ध द्रव्यं थंडीत घट्ट होतात, पडदा गळका होतो, आणि आत वेगवेगळे ठेवलेले रस एकमेकांत मिसळून तपकिरी रंग येतो. इथे गोठण्याचा संबंधच नाही, शून्याच्या कितीतरी वर हे घडतं. हिरवा आंबा आणि केळी यांना साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली त्रास होतो, हिरव्या टोमॅटोलाही जवळपास तितक्याच तापमानाला. काकडीला १० अंशांच्या खाली, ढोबळी मिरची आणि भेंडीला ७ च्या खाली, आणि डाळिंब दीर्घकाळ ठेवायचं असेल तर ५ च्या खाली. द्राक्षं मात्र शून्याजवळ आनंदात राहतात. रावेर-यावलकडे हिवाळ्यात केळीला शेतातच थंडी लागते, तिकडे त्याला ‘चरका’ म्हणतात. म्हणजे हा मार कोल्ड स्टोअरच्या आधीही बसू शकतो.

थंडीच्या मारात तापमानाइतकीच वेळही मोजायची. काकडी ५ अंशांवर काही तास राहिली तर सहसा सावरते, तीन-चार दिवस राहिली तर सावरत नाही.

दुसरा मार आपटण्याचा आणि दबण्याचा. तिसरा पाणी उडून जाण्याचा. चौथा उन्हाचा किंवा गरम प्रक्रियेचा चटका. पाचवा थोडा आडवाटेचा: प्लॅस्टिकमध्ये हवा कोंडली की ऑक्सिजन संपतो आणि माल आतल्या आत आंबतो. याला साधन म्हणजे आपलं नाक. पिशवी उघडल्याक्षणी दारूसारखा वास आला तर पुढची तपासणी करण्यात अर्थ नाही.

साक्षीदार फळं

आता कामाला सुरुवात. प्रत्येक लॉटमधून २० ते ३० फळं बाजूला काढायची, त्यांना मी साक्षीदार म्हणतो. देठाजवळ छोटं स्टिकर लावून नंबर द्यायचा. ही फळं वेगळ्या टेबलावर ठेवायची नाहीत. जिथे माल जाणार तिथेच, त्याच क्रेटमध्ये, त्याच थरात ठेवायची. एक वरच्या क्रेटमध्ये, एक मधल्या, एक तळाच्या. कोल्ड स्टोअरमध्ये असाल तर काही दारापाशी आणि काही ब्लोअरच्या तोंडाशी.

आमच्या ४० पेट्यांचं गुपित तिथेच होतं. खोलीचा आकडा १३ दाखवत होता, कारण सेन्सर परतीच्या हवेत, म्हणजे खोलीत फिरून यंत्राकडे परतणाऱ्या हवेत होता. पेट्या रचल्या होत्या थेट ब्लोअरच्या झोतात, आणि तिथली हवा खोलीच्या सरासरीपेक्षा कितीतरी थंड होती.

फळाच्या गराचं तापमान बघायला सुई खुपसावी लागते, म्हणून त्या कामाला एक फळ बळीचा बकरा करायचं. त्यात प्रोब कायमचा ठेवायचा आणि झोतातल्या क्रेटमध्ये ते बसवायचं. बाकी साक्षीदारांना सुई लावायची नाही.

पहिल्या दिवशी प्रत्येक साक्षीदाराचं वजन, फोटो आणि जमलं तर खालच्यापैकी आणखी एक मोजमाप घ्यायचं. वही पुरते. एक्सेल नंतर.

वजनकाटा: सगळ्यात कमी लेखलेलं यंत्र

माल ताणाखाली आहे हे सांगणारं सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे १ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. २०० ग्रॅमच्या फळावर १ ग्रॅम म्हणजे अर्धा टक्का, तेवढं पुरतं. बऱ्याच भाज्यांमध्ये वजन ५ टक्क्यांच्या आसपास घटलं की मरगळ डोळ्यांना दिसायला लागते. म्हणजे २ टक्क्यांवर काट्याला जे कळतं ते डोळ्यांना कळायला अजून वेळ असतो, आणि तेवढ्या वेळात काहीतरी करता येतं.

नाशिककडच्या द्राक्षवाल्यांसाठी हे सोनं आहे. द्राक्षाच्या घडाचा देठ मण्यांच्या खूप आधी सुकतो. वजनात २ ते ३ टक्के घट झाली की देठ तपकिरी पडायला लागतो, मणी अजून टणकच असतो. ५०० ग्रॅमच्या पनेटमध्ये (द्राक्षाच्या छोट्या डबीत) २ टक्के म्हणजे फक्त १० ग्रॅम. काढणीपासून प्रीकूलिंगपर्यंत (तोडलेला माल झटपट गार करेपर्यंत) एकाच पनेटचं तीन वेळा वजन करून पाहा: तोडल्यावर, पॅकिंग टेबलावर, प्रीकूलिंगच्या दारात. या तीन आकड्यांत सगळ्यात मोठी उडी कुठे आहे ते बघा. आम्ही पाहिलं तेव्हा ती उडी उन्हात उभ्या असलेल्या टेम्पोत निघाली, पॅकिंगमध्ये नाही. टेम्पो झाडाखाली लावायला पैसे लागत नाहीत.

एक सावधगिरी. थंड माल बाहेर काढल्यावर त्यावर दव धरतं आणि वजन वाढलेलं दिसतं. दव पुसायचं नाही, पुसताना साल घासली जाते. वजन कोल्ड स्टोअरच्या आतच करायचं.

उजेडाचे तीन खेळ

पहिला खेळ तिरक्या उजेडाचा. खोलीतले दिवे बंद करा, टॉर्च फळाच्या बाजूने, जवळजवळ सालीला समांतर धरा आणि फळ हळूहळू फिरवा. समोरून सपाट दिसणाऱ्या सालीवर थंडीने पडलेले बारीक खड्डे, दाबामुळे आलेली उथळ चपटी जागा, पाणी उडाल्याने आलेली सूक्ष्म सुरकुती, सगळं सावलीने उठून दिसतं. काकडी, ढोबळी मिरची, वांगं यांच्या चकचकीत सालीवर तर हे फारच सुरेख दिसतं. द्राक्षावर उलटं बघायचं: मण्यावरची पांढुरकी पावडर जिथे पुसली गेलीय तिथे हात किंवा दुसरा मणी घासला आहे.

दुसरा खेळ आरपार उजेडाचा, अंडं बघतात तसा. पालक, मेथी, कोथिंबीर यांचं पान टॉर्चसमोर धरलं की गोठलेला किंवा चिरडलेला भाग तेलकट कागदासारखा पारदर्शक दिसतो. वरून तो फक्त जरा गडद हिरवा वाटतो.

तिसरा खेळ संत्र्यासाठी, आणि तो पाहिला की माणूस दोन मिनिटं काम विसरतो. लिंबूवर्गीय फळांच्या सालीत काही द्रव्यं अशी असतात की ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात ती पिवळसर-हिरवट चमकतात. साल जिथे दुखावली असेल किंवा जिथे हिरव्या बुरशीची कूज नुकती सुरू झाली असेल तिथे ही द्रव्यं बाहेर येतात. त्यामुळे दिवसा निर्दोष दिसणाऱ्या संत्र्यावर अंधारात ठिपका पेटल्यासारखा दिसतो. परदेशातली पॅकहाऊसं हे तंत्र बरीच वर्षं वापरताहेत. नागपुरी संत्र्याला ते तितकंच लागू पडतं.

पद्धत अशी. खोली पूर्ण अंधारी करा. ३६५ नॅनोमीटरची टॉर्च घ्या. बाजारात ३९५ ची स्वस्त जांभळी टॉर्च मिळते, तिचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका असतो की बारीक चमक त्यात बुडून जाते. अतिनील रोखणारा चष्मा घाला, ही सूचना सांगण्यापुरती नाही. फळ पूर्ण फिरवा, देठाची खळगी विसरू नका. चमक दिसली की लगेच कूज आहे असं समजू नका, कारण सालीतलं तेल सांडलेली जागाही वेगळी दिसते. तेल सांडणं हाही मारच आहे. पहाटे दव असताना किंवा पावसानंतर लगेच तोडलेल्या संत्र्याची साल पाण्याने तट्ट फुगलेली असते, आणि जरा दाब पडला तरी तेलाच्या पिशव्या फुटतात. सकाळी उशिरा, दव वाळल्यावर तोडणी केली आणि तरीही चमक तितकीच राहिली, तर दोष क्रेटमध्ये किंवा पॅकिंगच्या लाईनवर शोधा.

मोबाईलवर फोटो काढताना पांढरा कागद चौकटीत ठेवा आणि दरवेळी तोच दिवा, तेवढंच अंतर ठेवा. नाहीतर आंबा बदलला की कॅमेऱ्याने रंग बदलला हे कधीच कळणार नाही.

पेटीचा श्वास मोजणं

हे माझं आवडतं तंत्र, म्हणून जरा रेंगाळतो. तोडलेली भाजी जिवंत असते. ती ऑक्सिजन घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते. ताण पडला की श्वास वाढतो. थंडीचा मार बसलेली काकडी उबेत आणली की धापा टाकल्यासारखी श्वास घेते, आणि हे खड्डे दिसायच्या आधी घडतं.

लागतं काय? घट्ट झाकणाचा १० लिटरचा पारदर्शक डबा आणि खोलीतली हवा मोजणारा कार्बन डायऑक्साइड मीटर. मीटर घेताना तो इन्फ्रारेड सेन्सरचा आणि निदान ५००० पीपीएमपर्यंत मोजणारा आहे याची खात्री करा. स्वस्तातले काही मीटर दुसऱ्याच वायूंवरून अंदाज बांधतात, ते इथे निरुपयोगी.

२ किलो काकडी कोल्ड स्टोअरमधून काढा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ही वाट पाहणं फार महत्त्वाचं आहे, कारण तापमान १० अंशांनी वाढलं की श्वास नुसता त्या गरमीनेच दुप्पट-अडीचपट होतो. मग काकडी आणि चालू मीटर डब्यात ठेवून झाकण लावा. पहिला आकडा लिहा, २० मिनिटांनी दुसरा.

समजा ५०० पीपीएमचे १९०० झाले. वाढ १४०० पीपीएम. २ किलो काकडीने साधारण २ लिटर जागा घेतली, म्हणजे डब्यात हवा ८ लिटर. १४०० पीपीएम म्हणजे दर दहा लाख भागांत १४०० भाग, म्हणून ८ लिटरमध्ये ११.२ मिलिलीटर कार्बन डायऑक्साइड तयार झाला. हा २० मिनिटांचा आकडा, तासाचा ३३.६. २ किलोने भागलं की दर किलोला तासाला जवळपास १७ मिलिलीटर.

हा १७ चांगला की वाईट? एकट्याने काहीच नाही. त्याच शेतातली, त्याच दिवशी तोडलेली, पण थंडीत न गेलेली २ किलो काकडी त्याच खोलीत मोजा. तिचा आकडा १२ आला तर तुमच्या थंड काकडीला काहीतरी झालंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. वाढलेला आकडा उतरला तर माल सावरतोय, चढाच राहिला तर तो माल जवळच्या बाजारात आजच काढा.

काकडी, ढोबळी मिरची, द्राक्ष, डाळिंब यांच्यासाठी हे सोपं आहे. आंबा, केळी, टोमॅटो, पपई यांच्यात पिकतानाच श्वास आपोआप चढतो, त्यामुळे मार कुठला आणि पिकणं कुठलं याचा घोळ होतो. तिथे एकाच पक्वतेची फळं शेजारीशेजारी मोजली तरच अर्थ लागतो. आणि डबा तासन्‌तास बंद ठेवू नका, नाहीतर तपासणीनेच नवा ताण द्याल.

टिचकी, पण मोजून

कलिंगडावर टिचकी मारणारा माणूस प्रत्येक मंडईत असतो आणि तो ठामपणे काहीतरी सांगतो. त्याच्या टिचकीमागे विज्ञान आहे, फक्त कानाला बारीक फरक लक्षात राहत नाही. फळ जितकं ताठ तितका आवाज उंच पट्टीत, आत पोकळी किंवा मऊपणा आला की पट्टी खाली. फळाचा ताठपणा म्हणजे आवाजाच्या वारंवारितेचा वर्ग गुणिले वजनाचा दोन-तृतीयांश घात, असं सूत्र फळांच्या अभ्यासात वापरलं जातं.

घात-बित विसरा. तेच फळ दोनदा मोजताय, वजन जवळपास तेच आहे, म्हणून वारंवारितेचा वर्ग पुरे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने केलेलं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप मोबाईलमध्ये घ्या, त्यात आवाजाचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या पट्टीचा आवाज किती आहे याचा आलेख दिसतो. सॅम्पलची संख्या शक्य तितकी मोठी निवडा. फळ फोमच्या कड्यावर ठेवा, मधल्या फुगीर भागावर पेन्सिलच्या रबराने टिचकी मारा, मोबाईलचा माईक पलीकडच्या बाजूला अगदी जवळ धरा. सगळ्यात उंच शिखर कुठे आहे ते लिहा. तीन जागी तीन-तीन टिचक्या.

काढणीला १५० हर्ट्झ असलेलं कलिंगड प्रवासानंतर १३० ला आलं, तर १३० चा वर्ग भागिले १५० चा वर्ग म्हणजे ०.७५. ताठपणा पावभर गेला. साल बाहेरून तशीच्या तशी असताना हे कळतं. छोट्या फळांवर, विशेषतः मोठ्या कोयीच्या आंब्यावर, घरगुती टिचकी फार भरवशाची नाही. मी करून सोडून दिलंय.

थर्मल कॅमेरा: घेण्याआधी वाचा

मोबाईलला जोडायचे छोटे थर्मल कॅमेरे आता मिळतात, आणि बरेच जण फळाकडे रोखून ‘काही दिसत नाही’ म्हणून ठेवून देतात. दिसणार नाहीच. दबलेली जागा स्वतःहून गरम किंवा थंड नसते. फळ आणि खोली एकाच तापमानाला असतील तर सगळं चित्र एकरंगी. पण दबलेल्या भागात पेशी फुटून हवेच्या फटी पाण्याने भरतात, त्यामुळे तो भाग वेगळ्या वेगाने तापतो किंवा गार होतो. म्हणून फळाला आधी बदलत्या तापमानात टाकावं लागतं. सफरचंदांवरच्या प्रयोगांत चांगला आणि दबलेला भाग यांत या पद्धतीने १ ते २ अंशांचा फरक मिळाला आहे.

कोल्ड स्टोअरमधून काढलेलं फळ लगेच बघण्याचा मोह होतो. कोकणात किंवा पावसाळ्यात ते जमत नाही, कारण सालीवर दव धरतं आणि कॅमेरा दवाचं तापमान दाखवतो. मी उलटं करतो. खोलीच्या तापमानाचं कोरडं फळ कोमट हवेच्या पंख्यासमोर अर्धा ते एक मिनिट ठेवायचं, बाजूला काढायचं आणि पुढची दोन मिनिटं सलग चित्रण करायचं. कॅमेऱ्यात एमिसिव्हिटी (पृष्ठभाग उष्णता किती बाहेर टाकतो तो आकडा) ०.९५ ठेवायची. फळाला बोट लावायचं नाही, बोटांचे ठसे हुबेहूब दबल्यासारखे दिसतात. यात मी स्वतः फसलो आहे. गरम हवा जास्त वेळ लागली तर चटका बसेल, तेव्हा घड्याळ समोर असू द्या.

हिरव्या सालीची चुगली

हिरव्या रंगातला क्लोरोफिल प्रकाश घेतो आणि त्यातला थोडा लालसर प्रकाश परत फेकतो. अंधारातून उजेडात आल्यावर ही चमक चढते-उतरते, हे हान्स काउट्स्की या जर्मन शास्त्रज्ञाने १९३१ साली नोंदवलं. त्यावरून निघालेला एफव्ही/एफएम हा आकडा, म्हणजे घेतलेला प्रकाश पान किती चांगला वापरू शकतं त्याचं माप, निरोगी पानात ०.८३ च्या आसपास असतो. थंडी, उष्णता, हवा कोंडणं यांनी तो उतरतो, आणि बहुतेक वेळा डोळ्यांना काही दिसण्याआधी. यंत्र महाग आहे, पण कृषी विद्यापीठांच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये ते बऱ्याचदा असतं. २० हिरव्या मिरच्या घेऊन जा आणि विचारा. मोजण्याआधी माल २० ते ३० मिनिटं अंधारात ठेवावा लागतो. पिकताना हिरवेपणा जातो तेव्हाही आकडा उतरतो, म्हणून पिकत्या आंब्यावर हा उपाय नाही. सफरचंदाच्या काही आधुनिक कोल्ड स्टोअरमध्ये याच चमकेवर पाळत ठेवून ऑक्सिजन अगदी कमी करतात. फळ गुदमरतंय असं चमकेने सांगितलं की ऑक्सिजन थोडा वाढवायचा.

निअर-इन्फ्रारेड (दिसणाऱ्या लाल रंगाच्या लगेच पलीकडच्या) प्रकाशाची यंत्रं, हायपरस्पेक्ट्रल कॅमेरे वगैरेंचं काम साधारण असंच: डोळ्यांना न दिसणाऱ्या रंगांत, विशेषतः पाणी शोषतं त्या ९७० आणि १४५० नॅनोमीटरच्या आसपास, ताजा मार वेगळा दिसतो. मोठ्या सफरचंद लाईनवर ते परवडतं. आपल्याला सध्या नाही.

हापूसचा साका

साक्याबद्दल लिहिल्याशिवाय कोकणातला वाचक मला सोडणार नाही. फळ बाहेरून देखणं, कापलं की आत गर पांढरट, स्पंजासारखा, आंबट. जमिनीतून येणारी धग, जास्त पक्व फळ, तोडल्यानंतरचं ऊन आणि कोयीतल्या बीची रुजण्याकडे होणारी वाटचाल, ही कारणं अभ्यासकांनी मांडली आहेत. हाही शेवटी ताणाचाच परिणाम.

न कापता साका नक्की ओळखणारं एक साधन आहे, क्ष-किरण. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकातच हे दाखवून दिलं. स्पंजी भागात हवेच्या पोकळ्या असतात, त्यातून किरण वेगळे जातात आणि चित्रात तो भाग उठून दिसतो. अडचण तंत्राची नाही, पेटीमागे परवडण्याची आहे.

आपल्या हातात आहे ती पाण्याची चाचणी. तिने साका दिसत नाही, साक्याची जोखीम जास्त असलेलं फळ वेगळं निघतं. दोन टब घ्या. एकात साधं पाणी, दुसऱ्यात १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे घनता साधारण १.०२. साध्या पाण्यात तरंगलं ते फळ कोवळं. साध्या पाण्यात बुडालं पण मिठाच्या पाण्यात तरंगलं ते आपलं चौदा आणे तयार फळ. दोन्हीत बुडालं ते जास्त भरलेलं, त्याला लांब पाठवू नका. पाणी फळापेक्षा चार-पाच अंश कोमट असू द्या. गरम फळ गार पाण्यात पडलं की आतली हवा आकसते आणि देठाकडून पाणी, त्याबरोबर बुरशी, आत ओढली जाते. मिठाच्या पाण्यातून काढल्यावर साध्या पाण्याने धुऊन लगेच वाळवा.

युरोपला आंबा पाठवणाऱ्यांसाठी एक वेगळा मुद्दा. फळमाशीमुळे २०१४ मध्ये तिकडे आपल्या आंब्यावर बंदी आली आणि ती उठल्यावर गरम पाण्याची प्रक्रिया रूढ झाली: ४८ अंशांवर ६० मिनिटं. ही प्रक्रिया माशीला मारते, पण कोवळ्या फळालाही चटका देते. प्रक्रियेच्या आधी आणि नंतर त्याच साक्षीदारांचा तिरक्या उजेडात फोटो घ्या, आणि देठाभोवती काळसर कडं येतंय का ते दोन दिवस बघा.

मार बसतो कुठे

नुकसान कळलं, आता जागा शोधायची. जुना मोबाईल फळाइतक्या जाड फोममध्ये गुंडाळून क्रेटच्या मधोमध, फळांच्या बरोबर ठेवा. फायफॉक्समध्येच धक्के नोंदवण्याची सोय आहे. तोडणीपासून गाडीत चढेपर्यंत नोंद चालू ठेवा आणि बरोबरचा माणूस वेळा लिहील असं बघा: ९.१० ला क्रेट उचलली, ९.४० ला टेबलावर ओतली. नंतर आलेखावर सगळ्यात उंच शिखरं बघा आणि वहीतल्या वेळा जुळवा. मोबाईलचा सेन्सर मोठ्या धक्क्याला आकडा बरोबर देत नाही, पण कुठे बसला ते बरोबर सांगतो. बहुतेकांना शिखर सापडतं ते क्रेट ओतताना. रस्त्यावर वरच्या थराला जास्त हादरे बसतात, त्यातही मागच्या चाकांवर रचलेल्या. टोमॅटो किंवा अंजीर असेल तर नाजूक क्रेट पुढे आणि खाली हलवा.

आता थोडं कापायचंच

पहिल्या हंगामात आपल्या चाचणीवर विश्वास ठेवू नका. चाचणीने ‘मार आहे’ म्हटलेली २० फळं आणि ‘ठीक आहे’ म्हटलेली २० फळं घ्या. सगळी ३ दिवस खोलीच्या तापमानाला ठेवा आणि मग कापा. कुठलं फळ कुठल्या गटातलं ते कापणाऱ्याला सांगू नका. ठीक म्हटलेल्यांत खराब किती निघाली, हा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण ती फळं ग्राहकाकडे गेली असती. आमच्याकडे तिरक्या उजेडाने थंडीचे खड्डे चांगले पकडले आणि दाब अगदी कमी. म्हणून आता आम्ही काकडीला उजेड आणि श्वास दोन्ही वापरतो, आंब्याला उजेड आणि पाणी.

मार लागलेला माल परत थंडीत ढकलू नका, त्याने काही भरून येत नाही. चांगल्या मालातही मिसळू नका. दुखावलेलं फळ इथिलीन वायू सोडतं आणि शेजारच्यांना वेळेआधी पिकवतं. आम्ही असा माल त्याच दिवशी तालुक्याच्या बाजारात काढतो, आणि आंबा असेल तर रसाला. ब्लोअरच्या समोरच्या जागेवर आता पिवळा पट्टा मारलाय. तिथे फक्त द्राक्षाच्या पेट्या रचतात.